हायड्रोवर सडा

सोलापूर,
३ नोव्हेंबर २०२५

चि. सृष्टी,

अनेक आशीर्वाद. त्यांच्या खाली एक उपदेश दडवला आहे, तो सापडेलच.

तुमच्या अग्निशमन प्रशिक्षण केंद्रात मोबाईल आठवडाभर कपाटात कोंडून ठेवतात, हे ऐकून तुझ्या आईला रडू आलं. मला मात्र आनंद झाला. पत्र लिहायला एक तरी माणूस मिळालं. कॉन्व्हेंटातल्या आमच्या सिस्टरांनी पत्राचा क्रम शिकवला होता: आधी प्रकृती, मग हवापाणी, मग कारण. क्रम अजून पाठ आहे. ज्यांना पत्रं लिहायची ती माणसं मात्र एकेक करून संपली.

तर प्रकृती: गुडघे आहेत. हवा: नोव्हेंबर असून पंखा चालू. पाणी: चार-पाच दिवसांनी येतं, आणि आलं की आमच्या गल्लीत लग्नघराची धावपळ होते. कारण: तुझा बाप.

सयाजी परवा कुर्डुवाडीहून आला. चहाचा कप हातात घेऊन बसला आणि चहा निवेपर्यंत बोललाच नाही. तो गप्प बसला की मला अजून भीती वाटते, धाकटा असला तरी. मग म्हणाला, "आक्का, पोरीला लिही. म्हणावं, माघारी ये. बँकेच्या परीक्षा दे."

"मी लिहून ती ऐकेल होय?"

"तुजं ऐकती. तू कान्व्हेंटात शिकल्याली. इंग्रजीत लिही. इंग्रजीत लिवलं की खरं वाटतं."

"अरे, तिला आगीची भीती नाही तर मी काय करू?"

"आगीचं न्हाय गं. मी वर्कशापात जलम काढला, आग मला ठावं हाय. आग दिसती तरी. त्या केमिकलचं काय? परवा टीव्हीवर टँकर उलटल्याला दावला. वास यायच्या आत माणूस आडवा. तितं माजी पोरगी पाठवू व्हय?"

आमच्या आप्पांनी मला सिस्टरांकडे घातलं आणि याला नगरपालिकेच्या शाळेत. असं का, ते मी कधी विचारलं नाही. पायात बूट मिळाले ते मुकाट्याने घातले. त्यामुळे सयाजीने काही मागितलं की मी नाही म्हणू शकत नाही.

म्हणून लिहिते: बाळा, परत ये. शौर्य चांगलंच. आम्हालाही शाळेत शौर्यावर निबंध होता, मला पहिलं बक्षीस मिळालं होतं. त्यानंतर मी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये "नंबर प्लीज" म्हणत खुर्चीवर बसले. काही बिघडलं का?

शेंगाची चटणी आणि कडक भाकरी वेगळी पाठवली आहे. मैत्रिणीला दे.

तुझी,
विजूआत्या

•

मुंबई,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय आत्या,

नमस्कार. तुझा उपदेश दडलेला नव्हता, वाजतगाजत आला होता.

बाबांना एक गोष्ट सांग, त्यांना बरं वाटेल. विषारी रसायन सांडलं की आम्ही पहिल्यांदा काहीच करत नाही. अगदी खरं. लांब थांबायचं. वारा पाठीवर घ्यायचा, म्हणजे धूर आपल्याकडे येत नाही. दुर्बिणीतून टँकरवरची किंवा पिंपावरची पाटी वाचायची आणि आत काय आहे ते ओळखायचं. ते कळेपर्यंत पाऊल पुढे नाही. आमचे शंकरप्पा सर अक्कलकोटकडचे आहेत. ते रोज ओरडतात, "धावत गेलेला मर्द मला नको! एक पडलाय, त्याला काढायला तू पडलास, मग मी दोघांना काढू की काय?"

मग जमिनीवर पट्टे आखायचे. लाल पट्ट्यात विष, हिरव्यात माणसं, आणि मधल्या पिवळ्यात धुण्याची जागा. आत जाण्याआधीच ती जागा तयार हवी. बाहेर येणारा प्रत्येक जण तिथे अंगावरचं सगळं धुऊन, उतरवून मगच हिरव्यात येतो. आत जायचं ते जोडीनेच, आणि दुसरी जोडी बाहेर कपडे चढवून तयार. एवढी तयारी तुझ्या लग्नातसुद्धा झाली नसेल.

कपडा म्हणजे चालता तंबू. पाठीवरचं हवेचं नळकांडं, मुखवटा आणि आपण, सगळं आतच. वरून चेन बंद केली की जग बंद. माझी जोडीदार रेश्मा सांगोल्याकडची, घरी मेंढरं आहेत. ती म्हणते, "मेंढरांत झोपल्यालीला ह्या रबराच्या वासाचं काय कवतिक!"

मला तर मजा येते. खरंच. काळजी करू नका.

भाकरी पोचली. शंकरप्पा सरांनी चार खाल्ल्या आणि डोळे पुसले. चटणीने की आठवणीने, माहीत नाही.

तुझी,
सृष्टी

•

सोलापूर,
१७ नोव्हेंबर २०२५

चि. सृष्टी,

अनेक आशीर्वाद. प्रकृती: ठीक. हवा: आता ठीक. "आता" का, ते सांगते.

परवा सकाळी आपल्या गल्लीत एक प्रकार झाला. कुणाला काही झालं नाही. म्हणजे फारसं नाही. आपल्या मागे ते कापड रंगवण्याचे कारखाने आहेत ना, तिकडे जाणाऱ्या टेम्पोतून एक पत्र्याचं पिंप पडलं आणि टेम्पोवाला पुढे निघून गेला. झाकण उडालं. पांढरी भुकटी आपल्या फाटकासमोर पसरली. कोणाही गृहिणीला तो चुना वाटला असता. तर कुणीतरी सकाळच्या घाईत ती झाडली आणि रोजच्यासारखा वर सडा टाकला. कुणी टाकला हा प्रश्न गौण आहे.

थोड्या वेळाने भुकटीतून धूर निघू लागला. वास कसला, तर काडेपेटीतल्या सगळ्या काड्या एकदम ओढल्यासारखा. आधी नाकात, मग घशात, मग चपलेच्या तळव्यातून वर ऊब. मग अर्थातच त्या व्यक्तीने आणखी एक बादली आणली. कमी पाणी पडलं असेल असं तिला वाटलं. सडा टाकताना हात आखडता घ्यायचा नाही, हे आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात.

बंब आला. आता तुझ्या खात्याचं ऐक. बंब पार कोपऱ्यावर, पिठाच्या गिरणीपाशी थांबला. एक साहेब उतरला, चिमूटभर माती हवेत सोडून बघत बसला. मग दुर्बीण काढली, घोड्यांच्या शर्यतीला आल्यासारखी. लोक ओरडायला लागले, "अवो सायेब, बंब हिकडं आणा की! लगीन हाय व्हय तिकडं?" तो शांतपणे म्हणाला, "मागं सरा. गिरणीच्या पल्याड." आणि कहर म्हणजे यांनी आत कुणाला पाठवायच्या आधी ताडपत्री आणि प्लॅस्टिकचे टब मांडून चक्क न्हाणीघर उभं केलं! शेवटी दोन माणसं चंद्रावर उतरल्यासारखी चालत आली आणि काय टाकलं असेल? वाळू. बंब पाण्याने भरलेला, आणि कोरडी वाळू.

त्यानंतर एका वयस्क बाईंना त्यांनी भर गल्लीत धुतलं. पाण्याची धार कानात गेली की डोकं घंटेसारखं वाजतं. असो. त्या बाईंचं नाव सांगण्यात अर्थ नाही.

तर बाळा, हे तुझं काम. माती उडवत उभं राहायचं आणि लोकांच्या शिव्या खायच्या. यासाठी बापाची झोप घालवायची का? घरी ये.

तुझी,
विजूआत्या

•

मुंबई,
२२ नोव्हेंबर २०२५

आत्या,

आधी सांग, तुला किती लागलंय?

त्या वयस्क बाई तू आहेस हे मला दुसऱ्याच परिच्छेदात कळलं. आपल्या गल्लीत पाण्याची एवढी टंचाई असून रोज सडा टाकणारी एकच बाई आहे. आणि दुसऱ्याच्या चपलेच्या तळव्यात ऊब आली हे तुला कसं कळलं? बरं, दुसऱ्याच्या कानात घंटा वाजली तेही?

पत्र शंकरप्पा सरांना दाखवलं. नाव दाखवलं नाही, अंगठा ठेवला. ते म्हणाले, "ते हायड्रो. रंगाच्या कारखान्यात पोत्याने वापरतात. कोरडं असेल तोवर गरीब. ओल लागली की आतून तापतं, विषारी वायू सोडतं, पेटतंसुद्धा. त्याला थोडं पाणी म्हणजे काडी लावणं. म्हणून कोरडी वाळू." मग विचारलं, "सडा टाकणारी बाई कशी आहे?" मी म्हटलं, माहीत नाही.

त्या साहेबाने माती उडवली ती वारा बघायला. गिरणीपाशी थांबला कारण वारा तिकडून तुझ्या फाटकाकडे वाहत होता. दुर्बिणीने पिंपावरचं नाव वाचलं. ते न वाचता बंब पुढे आणला असता आणि पाणी मारलं असतं, तर तुझा सडा त्याच्यापुढे पोरखेळ ठरला असता. न्हाणीघर तुझ्यासाठीच होतं आत्या. तुला बाहेर काढायला आत येणारी माणसं बाहेर धुतली गेली नसती, तर ती घरी जाऊन आपल्या पोरांना काय लावून आली असती?

मी इतकी चिडून लिहितेय, कारण मला आता एक सांगायचंय. तुझं उघडं पाडलं, तर माझंही पाडते.

"मजा येते" हे खोटं होतं. मागच्या पंधरवड्यात त्या बंद कपड्यात पहिली परीक्षा झाली. काच धुक्याने भरली, माझाच श्वास कुणी दुसरं घेतंय असा कानात यायला लागला. घाबरल्यावर दोन्ही हात वर करायचे अशी खूण आहे. जोडीदार पकडते आणि दोघी बाहेर येतात. मी केली नाही. रेश्मासमोर कसे वर करू? मेंढरांत झोपलेली ती, आणि मी रेल्वे क्वार्टरची पोर. मी लाल पट्ट्यात उभी राहून चेन ओढली आणि मुखवटा उपटला. सरावाच्या पिंपात विषाऐवजी नुसतं रंगीत पाणी होतं म्हणून हे पत्र लिहितेय.

५ डिसेंबरला पुन्हा परीक्षा आहे, शेवटची. त्यात नाही जमलं तर घरी. बाबांना परवा फोनवर कसंबसं एवढंच सांगितलं. ते म्हणाले, "मी येतो न्यायला. परीक्षा कशाला देती?" आता तू सांग. तुला मी परत यायला हवीच आहे. तू "ये" म्हणालीस तर मी परीक्षेलाच बसणार नाही. मला तेवढं निमित्त पुरेल.

लागलंय किती, ते आधी लिही.

सृष्टी

•

सोलापूर,
२८ नोव्हेंबर २०२५
(स्पीड पोस्टाने)

माझ्या बाळा,

आज क्रमबिम नाही.

उजव्या पोटरीवर तळहाताएवढं भाजलं आहे. घसा आठवडाभर कावळ्यासारखा होता, आता फक्त आत्यासारखा आहे. डॉक्टर म्हणतात डाग राहील. या वयात पोटरी कोण बघतंय, असं मी म्हणणार होते. पण पोटरीच्या आणि बघण्याच्या विषयावर त्या सकाळी इतकं झालं आहे की आता काय बोलावं!

सगळं सांगते. झाडताना भुकटी निऱ्यांवर बसली. सडा टाकताना निऱ्या भिजल्या. म्हणजे मी रस्त्याबरोबर स्वतःवरही सडा टाकून घेतला. धूर झाला तेव्हा मी फाटकाला धरून खोकत उभी. फोन हातात होता, नंबर आठवेना. आयुष्यभर लोकांना १०१ जोडून देणारी मी! बंब बोलावला समोरच्या नागम्माने.

कर्ण्यातून हाक आली, "मावशी, धुरातनं न्हाय, भिंतीच्या कडंकडंनं हिकडं या!" मी गेले. तो साहेब, सिद्धनाथ नाव त्याचं, तुझ्यापेक्षा चारेक वर्षांनी मोठा असेल. त्याने मला त्या न्हाणीघराच्या पट्ट्यापाशी थांबवलं आणि म्हणाला, "मावशी, साडी काढा."

मी म्हटलं, "काय?"

"साडीवर पावडर हाय, ओली झालीय. तापत जाणार. झटका, काढा, मग पाणी मारतो."

"इथे?"

"हितंच. अशीच बाहेर सोडली तर सगळ्या गल्लीला लागंल ती."

सृष्टी, मला सिस्टरांनी मोज्यांची घडी कशी घालायची ते शिकवलं, पाहुण्यांसमोर चमचा कसा धरायचा ते शिकवलं. गिरणीपुढच्या गर्दीसमोर साडी कशी सोडायची हे अभ्यासक्रमात नव्हतं. मी पाठ ताठ केली आणि एक्स्चेंजच्या आवाजात म्हटलं, "काइंडली सेंड फॉर अ लेडी."

तो बिचारा गोंधळला. "काय म्हनला?"

"तुमच्यात बाई कोणी आहे का?"

त्याने मान खाली घातली. "न्हाय मावशी. असती तर कवाच पुढं केली असती."

आणि मी तशीच उभी राहिले. पोटरीला चटका बसत होता, तो वाढत होता. मी एक शब्द काढला नाही. "मला भाजतंय" असं म्हटलं असतं तर त्या पोराने माझा नकार ऐकलाच नसता, पण ते म्हणणंसुद्धा मला अशिष्ट वाटलं. तो हात जोडून विनवतोय, मी त्याच्या डोक्यावरून महादेवाच्या देवळाकडे बघतेय. राणीची शान, फक्त राणी धुमसत होती. शौर्यावरच्या निबंधात पहिलं बक्षीस!

शेवटी दोरीच्या पलीकडून नागम्मा ओरडली, "ओ टेलिफोनबाई, काडा की लवकर! कोन बगतंय? आता बगायसारखं काय ऱ्हायलंय तुमच्यात!"

सगळी गल्ली हसली. हायड्रोपेक्षा ते जास्त लागलं. पण नागम्मा नुसती ओरडली नाही. तिचा मुलगा चादरीच्या कारखान्यात आहे, घरात चादरींची थप्पी असते. तिने दोन चादरी आणून दोरीवरून फेकल्या. त्या चंद्रावरच्या माणसांनी माझ्या दोन्ही बाजूंना धरल्या. शहाणी पोरं. पाठी फिरवल्या आणि वर काचेच्या आत डोळेही मिटले, असं सिद्धनाथ नंतर म्हणाला. डोळे मिटलेल्या माणसांनी धरलेली चादर कधी डावीकडे घसरायची, कधी उजवीकडे. मी आत साडीशी झुंजतेय आणि बाहेर ओरडतेय, "वर! वर धरा!"

मग पाणी. बाई गं! चार-पाच दिवसांच्या पाळीने पाणी मिळणाऱ्या गावात माझ्यावर बंबाचं पाणी! मागे कुणीतरी बाई हळहळली, "किती वाया चाललंय." जन्मात एवढं पाणी मी एका वेळी बघितलं नव्हतं. आणि अंगावरून ते जात असताना मला तूच आठवलीस. तू असतीस तर म्हणाली असतीस, "आत्या, काढ." मी काढली असती. उभी राहिलेच नसते. डॉक्टरांनी विचारलं, इतका वेळ ओलं कापड अंगावर का ठेवलं? मी म्हटलं, बाई नव्हती. ते बिचारे मलमाची चिठ्ठी लिहीत राहिले.

मोरांची चादर गुंडाळून मी ॲम्ब्युलन्समध्ये चढले. नागम्मा म्हणते ती चादर आता परत नको. मला वाटतं, माझ्यामुळे मोर बिघडले.

आता तुझा प्रश्न. निमित्त मागितलंस, ते मी देणार नाही. तुला त्या बंद कपड्यात काय होतं हे मला कळत नाही, आणि मला एवढ्या वयात एका साडीतून बाहेर येता आलं नाही, तेव्हा मी तुला कपड्यांबद्दल काय शिकवू! एवढंच सांगते: मी त्या पोराला सांगितलं नाही, म्हणून भाजले. तू हात वर कर. रेश्मा काय म्हणेल ते म्हणू दे. नागम्मा मला म्हणाली ना?

काल सयाजीला फोन केला. सगळं सांगितलं, अगदी चादर घसरली तेही. तो म्हणाला, "आक्का, तुला पोरगी माघारी आणायला सांगितलं व्हतं."

मी म्हटलं, "व्हय. फितूर झाले मी."

"मी जातोच हाय मुंबईला."

"जा. पण परीक्षा होईपर्यंत तोंड उघडू नकोस."

त्याने फोन ठेवला. तो स्टेशनवर आधी जातो आणि विचार गाडीत बसल्यावर करतो, लहानपणापासून. त्याला मी थांबवू शकले नाही. परीक्षा दे, बाळा. तुझ्यासाठी नाही वाटली तर माझ्या पोटरीसाठी दे.

तुझी,
विजूआत्या

•

मुंबई,
७ डिसेंबर २०२५

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा हसले, तिसऱ्यांदा रेश्माला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुजी आत्या आमच्यात असती तर कळपाच्या म्होरं घातली असती." हे कौतुक आहे. मी विचारून घेतलं.

बाबा परीक्षेच्या सकाळीच आले. शंकरप्पा सरांनी त्यांना हिरव्या पट्ट्यात, वाऱ्याच्या अंगाला उभं केलं. बाबा म्हणाले, "वारा कुटनं येतो ते मला कळतं. रेल्वेत व्हतो मी." सर म्हणाले, "मग तिथंच उभे राहा, रेल्वे." दोघं पाच मिनिटांत भांडले आणि दहाव्या मिनिटाला एकमेकांची तंबाखू मळत होते.

काम असं होतं: पिंपातून रंगीत पाणी गळतंय, मी आणि रेश्माने जाऊन त्याची तोटी बंद करायची. चेन लागली. जग बंद. पिंपापर्यंत गेले, तोटीला हात लावला आणि काच धुक्याने भरली. तोच श्वास कानात. मला चेन दिसायला लागली, फक्त चेन. मग मला तू दिसलीस, देवळाकडे बघत धुमसणारी.

मी हात वर केले. दोन्ही.

रेश्माने कोपर धरलं. काही विचारलं नाही. आम्ही पिवळ्यात आलो, नियमाप्रमाणे उभं राहून धुऊन घेतलं, कपडा उतरला, हिरव्यात आलो. तोटी उघडीच. पाणी गळतंय. मी खाली बसले आणि मला हुंदका आला. बाबा जवळ येऊन म्हणाले, "झालं न्हवं? चल."

सर माझ्या डोक्यावर येऊन उभे राहिले. "कुठं चालली?"

मी म्हटलं, "नापास झाले ना, सर."

"कोण म्हणालं? जीव घाबरला, खूण केलीस, जोडीनं बाहेर आलीस, धुऊन आलीस. मागच्या खेपेला हेच केलं नाहीस म्हणून नापास होतीस. आता नळकांडं बदल. तोटी अजून गळतेय, ती काय तुझे बाबा बंद करणार?"

"मी करतो की," बाबा म्हणाले. "रेल्वेत लई तोट्या बंद केल्या."

सर हसले नाहीत. मी उठले. पुन्हा गेलो. काच पुन्हा धुक्याने भरली. मी थांबले, रेश्माचा खांदा धरला, हळूहळू श्वास घेतला आणि हातांनी चाचपत तोटी फिरवली. शौर्य वगैरे काही वाटलं नाही. नाक खाजत होतं आणि खाजवता येत नव्हतं, एवढंच आठवतं.

आम्ही धुऊन बाहेर आलो तेव्हा बाबा सरांना विचारत होते, "सायेब, तुमच्याकडं आनि किती पोरी हायत?"

"ह्या तुकडीत ह्या दोघीच."

बाबांनी रेश्माकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. माझे केस घामाने कपाळाला चिकटले होते आणि मुखवट्याचे वळ गालावर उठले होते. मला वाटलं, आता म्हणतील, ही काय दशा करून घेतलीस. ते सरांनाच म्हणाले, "माजी भन भाजली तवा तितं एक बी न्हवती. मग हिला नेऊन कसं चालंल?"

बाबांना सगळ्यांसमोर एवढं बोलल्याची लाज वाटली असावी. ते एकदम माझ्यावर खेकसले, "बघत काय उबी ऱ्हायलीस? त्यो कपडा उचल आदी. नीट घडी घाल. सरकारी हाय."

तुझी,
सृष्टी